वायसर बदलला तरी फुसफुस तीच: जुन्या पेंटबॉल गनचं दुखणं कसं शोधावं

पेंटबॉल गन म्हणजे रंगाच्या गोळ्या गॅसच्या दाबाने उडवणारी खेळातली गन. हातची वापरलेली घेणाऱ्यांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं. गॅसची टाकी लावली की फुसफुस. वायसर, म्हणजे टाकीच्या तोंडाची रबरी ओ-रिंग, बदलला, गप्प झाली. काही रविवार मजेत गेले आणि पुन्हा फुसफुस, तीही त्याच जागी. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो व्हॉल्व्ह गेला, कोणी म्हणतो स्प्रिंग मेली, कोणी बॉडीच बाद ठरवतो. मानेवाड्याच्या माझ्या मावसभावाचा फोन याच टप्प्यावर आला. "दादा, वायसर तर नवाच टाकला ना, मग काहून लीक होऊन राहिलं?"

वायसर नवा होता, पण रबर चुकीचं होतं. यावर खाली सविस्तर लिहितो, कारण नागपुरात पार्ट मिळत नाहीत म्हणून आपण जो जुगाड करतो, त्यातला अर्धा इथेच फसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं ब्लोबॅक जातीच्या, म्हणजे गॅसच्याच धक्क्याने पुढच्या गोळीसाठी स्वतः तयार होणाऱ्या गनबद्दल आहे. टिपमन ९८ कस्टम, स्पायडरची जुनी मॉडेलं ही त्या जातीतली ओळखीची नावं. बंद पडलेल्या पार्कातून किंवा रिसॉर्टवाल्यांकडून विकायला निघतात त्या बऱ्याचदा अशाच असतात. बोर्ड आणि बॅटरीवर चालणाऱ्या गनचं दुखणं वेगळं, तिथे यातलं फारसं लागू पडणार नाही.

गन आतून काय करते ते एकदा डोक्यात बसलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. ट्रिगर दाबला की सिअर नावाचा छोटा खटका बाजूला होतो. त्याने अडवून धरलेला हॅमर स्प्रिंगच्या जोराने पुढे सुटतो आणि दांड्याने जोडलेल्या पुढच्या बोल्टलाही सोबत नेतो. बोल्ट गोळीला बॅरलमध्ये ढकलतो, हॅमर व्हॉल्व्हच्या पिनवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि गॅस दोन दिशांना पळतो. पुढचा गॅस गोळी उडवतो. मागचा गॅस हॅमरला परत ढकलतो, स्प्रिंग दाबली जाते आणि सिअर हॅमरला पुन्हा पकडतो. एकाच फुंकरीत दोन कामं. गॅस कुठेही कमी पडला की आधी हे दुसरं काम बिघडतं. म्हणून "गोळी तर जाऊन राहिली, म्हणजे गॅस ठीक आहे" हे गणित चुकतं. गोळी उडवण्यापुरता गॅस असतो, गन पुन्हा कॉक करण्यापुरता, म्हणजे हॅमर मागे नेऊन सिअरमध्ये अडकवण्यापुरता नसतो.

खोलण्याआधी

मास्क घाला. घरात, टेबलावर, "फक्त बघतोय" म्हणतानाही. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ१७७६ हे मानक आहे. गाडी चालवायचा गॉगल किंवा वेल्डिंगचा चष्मा चालत नाही. मग हॉपर (वरचा गोळ्यांचा डबा) काढा, गोळ्या काढा, टाकी काढा आणि नळीत उरलेला गॅस जमिनीकडे तोंड करून दोनचार वेळा ट्रिगर दाबून संपवा. बॅरलमध्ये डोळा लावून बघायचं असेल तर बॅरल गनमधून काढून हातात घ्या.

टाकीबाबत एक काम आजच करा. घरातली नेलपॉलिश घेऊन टाकीचा वरचा पितळी व्हॉल्व्ह आणि टाकीची मान या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ ओढा. टाकी गनमधून काढताना टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह एकत्रच फिरले पाहिजेत. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे व्हॉल्व्ह गनमध्ये अडकून राहिला आणि टाकी त्याच्यावरून उलगडत चालली, तर तिथेच थांबा. असा व्हॉल्व्ह सुटून उडालेल्या टाक्यांनी परदेशात माणसं मेली आहेत. दुरुस्तीतली बाकी कुठलीही चूक पैशांवर निभावते, ही नाही.

ॲलन कीबद्दलही सांगून टाकतो. या गन अमेरिकन घडणीच्या, स्क्रू इंचाच्या मापाचे. आपल्या पेटीतला सेट मिलिमीटरचा. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, त्यात ३ ची की सैल बसते आणि जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं. इतवारीत लोहाओळीकडे हार्डवेअरच्या दुकानात इंची सेट मागा. जुन्या गनचे जे स्क्रू आधीच गोल झालेले सापडतात, ते मागच्या मालकाने याच चुकीने केलेले असतात.

टाकीच्या जोडावरची फुसफुस

भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने जोडावर लावा. बुडबुडे टाकीच्या तोंडाशी येत असतील तर टाकीची ओ-रिंग. सगळ्यात जास्त वेळा हीच निघते आणि पुन्हा पुन्हा जाणारीही हीच.

या रिंगचं माप ०१५. आतला व्यास सुमारे १४ मिलिमीटर, दोऱ्याची जाडी १.७८ मिलिमीटर. आपल्याकडे पंपाच्या नाहीतर हायड्रॉलिकच्या दुकानात नमुना दाखवला की दुकानदार काळी रिंग काढून देतो. ती असते नायट्राइल रबराची. मापाने बसते, गॅसही थांबवते. पण कार्बन डायऑक्साइड दाबाखाली नायट्राइलच्या अंगात शिरतो. टाकी काढली, दाब गेला, की आत शिरलेला गॅस फुगतो आणि रिंग सुजते, कधी फोड येतात, कधी बारीक चिरा. सुजलेली रिंग पुढच्या वेळी टाकी पिळताना जोडात चिमटते आणि कापली जाते. गंमत म्हणजे टेबलावर काही तास ठेवली तर सूज उतरते आणि रिंग नव्यासारखी दिसते. त्यामुळे संशय तिच्यावर जातच नाही, बिचारा व्हॉल्व्ह बदनाम होतो.

इथे लागते पॉलियुरेथेनची, ९० शोअर कडकपणाची रिंग. बहुधा पारदर्शक, पिवळसर किंवा रंगीत असते आणि बोटांनी दाबली तर काळीपेक्षा कडक लागते. दुकानात "पीयू, नव्वद शोअर, जाडी १.७८" असं सांगा. २ मिलिमीटर जाडीची देत असतील तर घेऊ नका. ती चेपून बसते आणि लवकर चिरते. स्थानिक दुकानात नाही मिळाली तर ऑनलाइन मागवा, दहावीस एकदम, कारण ही कुकरच्या रिंगसारखी झिजणारीच वस्तू आहे.

पीयू टाकूनही लवकर जात असेल तर टाकी काढायची पद्धत बघा. बरेच जण गच्च दाब असतानाच टाकी झटक्यात उलगडतात. मागून दाब असताना रिंगला आधार देणारं तोंड दूर गेलं की गॅस तिला खाचेतून बाहेर फेकतो. टाकी थोडी उलगडायची, आतली पिन मिटली की थांबायचं, गनमधला गॅस फायर करून संपवायचा आणि मगच पूर्ण काढायची. तरीही रिंग कापली जात असेल तर गनच्या बाजूचं तोंड तपासा. कापसाचा बोळा आतून फिरवा. तंतू जिथे अडकेल तिथे धातूची कंगोरी उभी आहे. झिरो नंबरच्या सँडपेपरने हलकेच घासा.

प्लंबरची पांढरी टेप टाकीच्या आट्यांवर गुंडाळू नका. हा जोड आट्यांवर गॅस अडवत नाही, रिंगवर अडवतो. टेपचे तुकडे मात्र आत जाऊन व्हॉल्व्हच्या तोंडात बसतात आणि मग खरंच व्हॉल्व्ह लीक होतो. नळीच्या दोन्ही टोकांचे निमुळते आटे असतात तिथे टेप चालते.

बॅरलमधून येणारा गॅस

गन कॉक केलेली, टाकी लावलेली, गोळी नाही, आणि तरी बॅरलमधून गॅस येतोय. बॅरलच्या तोंडासमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा, थरथरली तर गॅस आहे.

पण आधी टाकी कशी लावली ते आठवा. हॅमर पुढे असताना टाकी लावली तर तो व्हॉल्व्हची पिन दाबून बसलेला असतो. गॅस सरळ बॅरलमधून निघतो किंवा गन आपोआप तडतड करते. ब्लोबॅक गन आधी कॉक करायची, सेफ्टी लावायची, मग टाकी. नव्याने खेळायला लागलेल्या पोरांच्या "खराब" गनांतल्या कितीतरी इथेच दुरुस्त होतात.

कॉक करूनही येत असेल तर व्हॉल्व्हमधली कप सील. ही प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची छोटी टोपी धातूच्या कडेवर बसून गॅस अडवते. तिच्या तोंडावर टेपचा तुकडा, गंजाचा कण किंवा वाळलेला रंग आला की झालं. व्हॉल्व्ह बाहेर काढून तोंड पुसा आणि भिंगाखाली बघा. चकचकीत गोल वळ सगळीकडून सारखा दिसला पाहिजे. कुठे चर पडला असेल तर सील बदला. नवी सील टाकल्यावर सुरुवातीला थोडी फुसफुस राहते. गोळी न घालता बरेच फायर करा, हॅमरच्या ठोक्यांनी ती आपली जागा धरते. व्हॉल्व्ह बाहेर काढलाच आहे तर त्याच्या अंगावरच्या रिंगाही त्याच वेळी बदला. बॉडीच्या दोन अर्ध्यांच्या फटीतून गॅस येत असेल तर बहुधा त्याच गेलेल्या असतात.

डिसेंबरात वेगळी, मेमध्ये वेगळी

हा भाग नागपूरकरांनी नीट वाचावा. द्रव कार्बन डायऑक्साइडच्या टाकीतला दाब टाकी किती भरली यावर नाही, टाकी किती गरम आहे यावर ठरतो. २० अंशांना तो साधारण ८३० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). १० अंशांना ६५० च्या आसपास. ३० अंशांना हजाराच्या वर. आता डिसेंबरात सकाळी सातला कोराडी रोडच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर ती गन काढा. गोळ्या लोंबकळत जातात, हॅमर अर्ध्यातून परत पुढे सुटतो. तुम्ही म्हणता गन बिघडली. तीच गन दुपारी उन्हात ठणठणीत चालते.

त्यात भर म्हणजे द्रवाचा गॅस होताना टाकी स्वतः थंड होते. सलग फायर केले की टाकीवर दव जमतं, दाब आणखी पडतो. थांबा, टाकीला हाताची ऊब द्या, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. दुखणं गेलं तर पाना हातात घ्यायचं कारण नाही. गरम पाण्यात किंवा हीटरपुढे टाकी कधीही धरू नका.

उन्हाळ्यात हिशोब उलटतो. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहतच नाही. मग टाकी जितकी ठासून भरलेली तितका दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात फुटाळ्याला गाडी उन्हात लावून टाकी डिकीत ठेवली, तर बंद गाडीतल्या उष्णतेने बर्स्ट डिस्क फुटायची वेळ येते. ही डिस्क मुद्दाम कमजोर ठेवलेली पत्र्याची चकती असते. टाकी फुटण्याआधी ती फुटते आणि गॅस मोकळा होतो. फुटली तर त्याच दाबाची बसवून घ्या. "जरा जाडी टाक" म्हणणाऱ्याकडून टाकीचं काम करून घेऊ नका.

भरताना ही टाकी काट्यावर तोलून भरतात. २० औंसाची म्हणजे ५६७ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. टाकीवर चाचणीची तारीख ठोकलेली असते. सहसा पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी पुन्हा करावी लागते. सेकंडहँड गनसोबत आलेल्या टाकीची तारीख उलटलेली असेल, पोचा असेल किंवा वरून नवा रंग मारलेला असेल, तर ती भरायला नेऊच नका. देशभरच्या गॅस सिलिंडरांच्या नियमांचा कारभार बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. निदान नागपूरकराने तरी बिनतारखेची टाकी हातगाडीवर भरून घेऊ नये.

कोणी ना कोणी विचारतोच, म्हणून सांगतो: पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चालत नाही. ती दीडशे पीएसआयच्या आसपास, आणि या गनला आठशेच्या घरात लागते. हवेवरच चालवायची असेल तर ३००० किंवा ४५०० पीएसआयची, रेग्युलेटर लावलेली टाकी लागते. तिचा फायदा मोठा आहे, थंडी असो की ऊन, बाहेर येणारा दाब सारखाच. पण तिच्या भरण्याच्या निपलला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. इतक्या दाबाची हवा तेलावर आदळली तर पेट घेते.

कॉक होत नाही, किंवा थांबतच नाही

वरवर उलट वाटणाऱ्या या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच कारणाच्या असतात. मागे जाणारा गॅस अपुरा पडला आणि हॅमर सिअरपर्यंत पोचलाच नाही, तर तो पुढे येऊन पडतो. येताना थोडा जोर उरला असेल तर पुन्हा पिनवर आदळतो, पुन्हा थोडा गॅस, पुन्हा तेच. बाहेरून वाटतं गन मशीनगन झाली. टाकी संपत आली की ब्लोबॅक गन हेच करते. म्हणून पहिली परीक्षा ताज्या भरलेल्या, कोमट टाकीवर.

त्यावरही होत असेल तर हॅमरवरची ओ-रिंग बघा. तीच गॅसला मागे अडवते. झिजली, सपाट झाली किंवा कोरडी पडली की गॅस बाजूने निसटतो. बदला, तेलाचा एक थेंब द्या. तेल हलकं हवं, हवेवर चालणाऱ्या ड्रिल-पान्यांना घालतात ते, हिंगणा एमआयडीसीकडे सहज मिळतं. टाकी लावण्याआधी तिच्या जोडाच्या तोंडात काही थेंब टाकून गोळीशिवाय फायर केले की गॅस तेल आतवर नेतो. हे कार्बन डायऑक्साइडच्या गनपुरतं. स्प्रे वापरू नका, त्यातला सॉल्व्हंट रिंगा खातो. आणि घरचं खोबरेल तर नाहीच. ते २४ अंशांच्या खाली थिजतं. नागपूरच्या जानेवारीत हॅमर त्यात रुतून बसतो आणि आपण स्प्रिंगला शिव्या घालतो.

जुन्या गनमध्ये पावसाळ्याचा गंज हॅमरवर आणि स्प्रिंगवर सापडतोच. बारीक पेपरने साफ करा, पुसा, तेल द्या.

पूर्ण दाबावर, ताज्या रिंगांवरही गन एका ट्रिगरला दोन-तीन गोळ्या सोडत असेल, तर मग सिअर. त्याची हॅमर पकडणारी कड गोल झालेली असते किंवा त्याची छोटी स्प्रिंग मेलेली. कानशीने धार काढून द्यायला तयार असणारे मिस्त्री खूप भेटतील. नको. काही दिवस चालते आणि मग भलत्या क्षणी सुटते. सिअर आणि त्याची स्प्रिंग जोडीनेच नवी टाका.

हॅमरची मोठी स्प्रिंग हार्डवेअरच्या दुकानातून "जवळपास तशीच" आणून टाकण्याचा मोह आवरा. कडक स्प्रिंगने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडतो आणि गोळीचा वेग चढतो. खेळात कमाल मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद मानतात, बहुतेक मैदानं २८० किंवा त्याहून खाली ठेवतात. कोणताही पार्ट बदलला की क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग मोजल्याशिवाय माणसावर गन धरू नये. वेगाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि प्रत्येक फेऱ्यानंतर मोजा.

गोळ्या आतच फुटतात

यात गनचा दोष कमी, गोळ्यांचा जास्त. गोळीचं कवच जिलेटिनचं, आतला रंग पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा. जुलैच्या दमट हवेत उघडी राहिलेली पिशवी ओल पिते, गोळ्या फुगतात, मऊ पडतात, अंडाकृती होतात. बॅरल काढून त्याच्या मागच्या तोंडात गोळी ठेवा. स्वतःच घरंगळून गेली तर लहान आहे, बोटाने ढकलावी लागली तर मोठी. फुंकर मारल्यावर निघाली तर जोडी जमली. गोळ्या बऱ्या असतील तर गोळी अडवून धरणारी छोटी रबरी जीभ बघा. ती झिजली की दोन गोळ्या एकदम आत शिरतात आणि बोल्ट एकीला कापतो. फुटलेला रंग पाण्याने निघतो. बॅरल आणि बोल्ट कोमट पाण्याने धुवा, व्हॉल्व्हमध्ये पाणी जाऊ देऊ नका.

इतकं करूनही टाकीच्या जोडावर लीक राहिला आणि आटे हाताला चुरचुरीत लागत असतील, तर तो जोड बदला. तो स्वतंत्र पार्ट असतो. बॉडीतच तडा असेल किंवा बॉडीच्या स्क्रूंचे आटे गेले असतील, तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. ती गन सुट्या पार्टांसाठी ठेवा. हॅमर, सिअर, बोल्ट, स्प्रिंगा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गनला चालतात, आणि मावसभावाने सध्या तेच केलंय: अर्ध्या किमतीत तडा गेलेली दुसरी घेतली आणि तिचा सिअर पहिलीत टाकला.